तांडेलकीची तोंडी परीक्षा

फ्रीमँटल, ऑस्ट्रेलिया, १९५७

४ ऑगस्ट, रविवार

दमियानाने माळ्यावरून ट्रंक काढली. लग्न होऊन इकडे आली तेव्हाची, पत्र्याची, कोपरे चेपलेली. मिस्सा आटोपून मी तिच्याकडे गेलो, तर बाईसाहेब अंजिराच्या झाडाशी ट्रंक उघडी टाकून उन्हं दाखवत होत्या.

"हे काय?" म्हटलं.

"कुबट वास येतोय."

"येऊ दे की. तुला काय तिच्यात झोपायचंय?"

ती हसली नाही. माझी बहीण माझ्या विनोदाला हसली नाही की समजावं, तिचं काहीतरी ठरलंय.

ठरलंय ते असं. शेवंडांचा, इंग्रजांच्या लॉबस्टरचा, हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर उघडतो. तोवर 'रोझारिया' चालवायला परवान्याचा तांडेल मिळाला नाही, तर बोट विकायची आणि दोन्ही पोरींना घेऊन इटलीला, मोल्फेत्ताला सासूच्या घरी परत जायचं. तिथं जन्मभर काळे कपडे घालून खिडकीत बसायचं. मी म्हटलं, माझं मासळीचं दुकान आहे, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, कशाला जातेस? तर म्हणे, "भावाच्या घरचं पहिलं वर्ष गोड लागतं, दादा. दुसऱ्या वर्षी वहिनी भांडी जरा जोरात ठेवायला लागते." माझी बायको तशी नाही. पण भांडी ती आत्ताही जोरातच ठेवते, हे खरं.

तांडेल होता दमियानाचा नवरा, सबीनो. जूनमधल्या वादळापासून तो बाहेर आहे.

असंच लिहितो, कारण आमच्यात असंच बोलतात. समुद्राने नेलेल्या माणसाचा देह हाती लागेपर्यंत त्याला 'गेला' म्हणायचं नाही. 'बुडाला' तर जिभेवर आणायचं नाही. बाहेर आहे म्हणायचं. त्याच्या नावाची मिस्सा नाही, मेणबत्ती नाही. मोल्फेत्तात अशी माणसं आजोबांच्या काळापासून बाहेर आहेत.

त्या दिवशी बोटीवर दोघंच होते, सबीनो आणि त्याचा धाकटा भाऊ जेर्वाझियो. जेर्वाझियो एकटा परत आला. काय झालं विचारलं तर दोनच शब्द बोलला, "लाट आली." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

आता तोच एक उरला. डोळे बांधले तरी बोट खडकांतून काढील असा गडी. पण परवान्याची परीक्षा तोंडी असते, बंदराच्या कचेरीत, एका म्हाताऱ्या कॅप्टनसमोर आणि इंग्रजीत. दुभाष्या चालत नाही. मी स्वतः बसलो असतो, पण मला धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं.

"मी शिकवतो त्याला," मी दमियानाला सांगितलं.

"तुला कोणी शिकवलं?"

"गिऱ्हाइकांनी."

हे खोटं नाही. मी शाळेत पाऊल टाकलेलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात मासे साफ करता करता गोऱ्या बायकांची भांडणं ऐकली आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःचं दुकान टाकलं. कान हीच माझी शाळा.

ट्रंक संध्याकाळपर्यंत उन्हातच होती.

९ ऑगस्ट

दुपारी दुकान बंद केल्यावर मागच्या टेबलावर शिकवणी. जेर्वाझियो येतो, टोपी काढतो, मुकाट बसतो. पस्तिशीचा बाप्या, पण कपाळावर आठ्या बघाव्यात तर शाळेतल्या ढ मुलाच्या.

आमच्या लोकांची अडचण अशी की आमच्याकडे एक शब्द असतो तिथं इंग्रजांनी तीन ठेवलेत. माणूस पडला, हातातली बशी पडली, आम्हाला एकच. त्यांचं तसं नाही. माणूस पडला तर 'फॉल', हातातून वस्तू पडली तर 'ड्रॉप', पाय सरकला किंवा दोर निसटला तर 'स्लिप'. चुकीचा शब्द घातला की कॅप्टन समजणार, तू भावालाच बशीसारखा खाली टाकलास.

हे मी उदाहरण म्हणून बोललो. बोलल्यावर जीभ चावली. जेर्वाझियोने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली.

"पुढचं सांगा, मास्तर," म्हणाला.

पुढचं 'लूज' आणि 'मिस'. बस चुकली तर 'मिस', किल्ली हरवली तर 'लूज'. आम्ही दोन्हीला एकच म्हणतो. त्याने दहा वेळा चुकीचंच म्हटलं. हे पोर मला म्हातारपणाआधी म्हातारं करणार.

२० ऑगस्ट

आज युक्ती केली. परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: माणूस पाण्यात पडला तर तांडेलाने काय करायचं? म्हटलं, तोंडाने येत नाही तर हाताने दाखव. टेबलावर पावाचा तुकडा ठेवला, ही बोट. बाटलीचं बूच ठेवलं, हा माणूस. चल, वाचव.

त्याने पाव असा सफाईने फिरवला की बघत राहावं. वाऱ्याची बाजू धरून वळण, बुचाच्या जवळ येताना वेग कमी, मग दोर. सगळं बिनचूक. मग न विचारता मिठाची वाटी उचलून पावाच्या अगदी लगत ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला.

"ती मधे कशाला?"

मी वाटी उचलून घेतली, बायकोला वालात मीठ घालायचं होतं.

"आता हेच तोंडाने सांग. दोर टाकला, त्याने धरला. पुढे?"

त्याने बूच मुठीत धरलं.

"ओढायचं ना रे? ओढण्याला त्यांच्यात 'पुल' आणि 'हॉल' असे दोन. हाताने साधं ओढलं तर 'पुल', जोर लावून दोर ओढला तर 'हॉल'. म्हण."

घामाने डबडबला. ऑगस्टात, इकडच्या थंडीत! पुढचा शब्द काही निघेना. इतके दिवस घासून दोन शब्द डोक्यात शिरत नाहीत. मी हताश झालो आहे. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "जेवा." जेवलो नाही.

२ सप्टेंबर

बर्फ कारखान्यातला टॉम दुकानात आला. म्हणाला, "तुमचा जेर्वाझियो भारी बोलतो हो. काल कुत्र्याची अशी गोष्ट सांगितली, आम्ही सगळे हसून लोळलो."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत. मला दुसरी कुठली येते?"

टॉम भला माणूस आहे, पोराचं मन राखायला बोलला असणार. कारण दुपारी तोच जेर्वाझियो माझ्यासमोर परत 'बस हरवली' म्हणाला.

रेडिओवर हवामान लागलं होतं. त्यातला बाबा भरभर काहीतरी बडबडला. जेर्वाझियो खिडकीतून बघत म्हणाला, "नैऋत्येचा वारा, सांजेला उतरेल." आभाळ वाचायला त्याला कोणी शिकवायला नको. भाषेचंच तेवढं वांधं आहे.

११ सप्टेंबर

नापास.

प्रश्नापर्यंत गाडी गेलीच नाही. कॅप्टनने सुरुवातीला सहज विचारलं, 'रोझारिया'चा तांडेल तर तुमचा भाऊ ना? कुठं आहे तो? जेर्वाझियोने उत्तर दिलं, तो बाहेर आहे.

कॅप्टन म्हणाला, मग येऊ दे की त्याला परत. एका बोटीला दोन तांडेल कशाला? मोसमाच्या तोंडाशी या, भावाला घेऊन.

जेर्वाझियो 'थँक यू' म्हणाला आणि उठून आला.

१२ सप्टेंबर

आज दमियानाच्या घरी तोंडाला येईल ते बोललो त्याला. "अरे गाढवा, सरळ सांगायचं ना, 'ही इज डेड' म्हणून!"

"तुम्ही म्हणा, माउरोदादा."

"काय म्हणू?"

"तेच. दमियानावहिनी आत आहे. तिला ऐकू जाईल असं, आपल्या बोलीत, एकदा म्हणून दाखवा."

दमियाना आत स्टोव्हपाशी होती. तिच्या हातातला झारा थांबलेला ऐकू येत होता. मी तोंड उघडलं. मेल्या माशांच्या ढिगात आयुष्य काढलेला माणूस मी, पण तो एक शब्द निघाला नाही.

"झालं तर," तो म्हणाला आणि गेला. जाताना दमियानाने त्याच्या हातात झाकलेला डबा दिला. नापास झाला तरी डबा. रोज डबा. मी तिचा सख्खा भाऊ, मला कधी विचारलं नाही की दादा, तू काही खाल्लंस का.

३० सप्टेंबर

कॅप्टनला भेटून मीच सगळं सांगितलं, इंग्रजीत, एका दमात. त्या भाषेत जीभ अडखळली नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. कॅप्टनने टोपी काढली. म्हणाला, नोव्हेंबरात एक शेवटची संधी देतो. पण प्रश्न मी सगळे विचारणार. जो माणूस पाण्यात पडलेल्याबद्दल बोलू शकत नाही, त्याच्या हाती मी बोट देणार नाही.

न्यायाचं बोलला. त्यामुळेच जास्त धडकी भरली.

आज शिकवणी दमियानाच्या घरी. शब्द 'वेट' आणि 'एक्स्पेक्ट'. आमच्याकडे दोन्हीला एकच, वाट बघणं. मी समजावलं, येणार हे ठाऊक असलं की 'एक्स्पेक्ट'. नुसतंच थांबायचं, माहीत काही नाही, तर 'वेट'.

दमियाना पलीकडे वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "येणार नाही हे ठाऊक असून बघतात, त्याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "असा शब्द त्यांच्यात नाही."

"मग कसली श्रीमंत भाषा रे तुझी," ती म्हणाली.

जेर्वाझियो उठून बाहेर अंगणात गेला. शिकवणी तिथंच आटपली. ही बाई मधे मधे बोलून त्याचं लक्ष उडवते. एकीकडे बोट वाचव म्हणते आणि दुसरीकडे हे.

म्हणते का? आत्ता लिहिताना आठवून पाहिलं. बोट वाचव, असं ती एकदाही म्हणालेली नाही. मीच म्हणतो आहे. पण न बोलताही कळतंच की.

२७ ऑक्टोबर, रविवार

मासेमारी बोटींच्या ताफ्याला आशीर्वाद. देवीची मूर्ती खांद्यावर, बँड, पताका, धक्क्यावर मुंगीला जागा नाही. सगळ्या बोटी सजल्या. ज्या बोटीवर तांडेल उभा, तिच्यावर पाद्री तीर्थ शिंपडतो. 'रोझारिया' दोरखंडाला बांधलेली, डोलकाठीवर एक चिंधीसुद्धा नाही. पाद्रीबाबा तिच्यापाशी क्षणभर थांबले, डेकवर कोणी नाही बघून पुढे गेले.

कोनो शेजारी येऊन उभा राहिला. सिसिलीवाल्या मच्छीमारांचा म्होरक्या. वाईट माणूस नाही, पण जिभेला हाड नाही. "काय माउरोशेठ, तुमचा विद्यार्थी अजून बालवर्गातच? आमच्याकडे अशाला एक थोबाडीत देतात, इंग्रजी आपोआप येतं."

"तुमच्याकडे थोबाडीत दिली तर इटालियनसुद्धा येत नाही, कोनो."

हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "बोट द्यायची झाली तर आधी मला सांगा. मी तिचं नाव बदलणार नाही." ह्यापेक्षा टोमणा परवडला असता.

जेर्वाझियो कुठं दिसला नाही. दमियाना देवीकडे बघत नव्हती. पाण्याकडेही नाही. ती खाली बघून ओठ हलवत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, पोराच्या परीक्षेसाठी मागणं मागते आहे.

५ नोव्हेंबर

ट्रंक भरलेली आहे. तळाला पोरींचे स्वेटर, वर सबीनोचा लग्नातला कोट. इटलीच्या जहाजाची तिकिटं आरशाच्या चौकटीत खोचली आहेत, येता जाता दिसावीत अशी.

माझ्या हातून आता काही होत नाही. दुकानात गिऱ्हाइकाने शार्क मागितला, मी काटा-वजन विसरून त्याच्याकडे बघत राहिलो. बायको म्हणाली, "एवढं काय हो जिवाला लावून घेता? बोट गेली तर गेली." तिला काय सांगू? माझं सगळं मी दोन हातांनी उभं केलं. जे हातात घेतलं ते सोडलं नाही. आणि आता सख्खी बहीण डोळ्यांदेखत निघाली आहे आणि माझ्याकडे तिला थांबवायला काय आहे, तर सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या.

शेवटची शिकवणी झाली. दोर हातून कसा जातो, ह्याचे तीन शब्द त्याला परत परत सांगितले. निसटला तर 'स्लिप'. ओढत असताना गमावला तर 'लूज'. आपण होऊन सोडला तर 'लेट गो'. म्हटलं, परीक्षेत दोराचं विचारलं तर बाबा, 'स्लिप' म्हण, त्यात कोणाचा दोष निघत नाही.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी एक चूक केली हे कळलं. कुठली, ते कळलं नाही.

७ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

उकाडा भयंकर, दुपारचा वारा अजून सुटला नव्हता, म्हणून कॅप्टनने दार उघडंच ठेवलं होतं. मी बाहेर बाकावर. दिवे, भोंगे, नांगर, भरती, सगळ्याला जेर्वाझियोने धडाधड उत्तरं दिली. अशा इंग्रजीत की मला माझी लाज वाटली. टॉम खोटं बोलला नव्हता. हा इसम मला तीन महिने बस हरवल्याचं सांगत होता!

मग कॅप्टन म्हणाला, "माणूस पाण्यात पडला."

मी बाकाची कड धरली.

"माझा भाऊ पडला होता," जेर्वाझियो म्हणाला. "तो मेला, साहेब. बुडाला."

इंग्रजीत म्हणाला. दोन्ही शब्द, एकामागून एक, स्वच्छ.

आणि मग सांगत गेला. सबीनो नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, गुंतलेला दोर सोडवायला गेला, लाटेने उचलला. ह्याने बोट वळवली, दोर फेकला, सबीनोने धरला. हा ओढत होता. पण बोट आडवी होऊन खडकांकडे सरकत होती. यंत्र पुढे टाकल्याशिवाय सुटका नव्हती, आणि सुकाणूपाशी जायचं तर दोर कोणी धरायचा? बांधून ठेवून यंत्र चालवलं असतं तर दोर बोटीखालच्या पंख्यात गेला असता आणि भाऊ त्याच्यामागून.

कॅप्टनने विचारलं, "मग दोर निसटला का?"

कॅप्टनने तयार उत्तरच पुढे केलं होतं. हो म्हणायचं आणि उठायचं. मी बाहेर मनातल्या मनात ओरडत होतो, हो म्हण, हो म्हण.

"नाही, साहेब. निसटला नाही. गमावला नाही. मी सोडला. बोट बाहेर काढली, वळून आलो. पुन्हा वळलो. उजेड होता तोवर वळत राहिलो."

कॅप्टन म्हणाला, "दोर बांधला असता तर तुम्ही दोघंही गेला असतात. तुम्ही बरोबर केलंत. हे मी परीक्षक म्हणून सांगतो. माणूस म्हणून काय सांगू, मला माहीत नाही."

शिक्का मारल्याचा आवाज मी ऐकला.

बाहेर आल्यावर तो माझ्याशेजारी बसला. मी विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलंस?"

"आपल्या बोलीत सांगता येत नाही, दादा. त्या बोलीत मी त्याला हाका मारल्यात. ह्यांच्या शब्दांत आपलं कोणी मेलेलं नाही." मग टोपी घालत म्हणाला, "वहिनीला पास झालो ते तुम्हीच सांगा."

८ नोव्हेंबर

काल जाववलं नाही. आज सकाळी गेलो. रस्ताभर शब्द निवडत होतो. कितपत सांगू, कुठला शब्द घालू की तिला लागणार नाही.

"पास झाला," म्हटलं.

दमियाना मटकन खुर्चीत बसली. मला वाटलं, आनंदाने. तर हुंदका फुटला तिला, असा की मी जूनपासून ऐकला नव्हता.

"मी नवस केला होता नापास व्हावा म्हणून," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? मग ती बोट, ती ट्रंक..."

"बोट तुला हवी होती, दादा. मला तो हवा आहे. जिवंत. माझ्या पोरींना एक तरी काका हवा. तो नापास झाला असता तर त्यालाही घेऊन गेले असते. चौथं तिकीट त्याचं आहे. तू आरशाकडे बघितलंस, मोजलं नाहीस."

मी म्हटलं, "दमे, तुला एक सांगायचंय. दोराचं..."

"ते मला माहीत आहे."

"कसं?"

"त्या संध्याकाळी धक्क्यावरून थेट माझ्याकडे आला होता. चिंब भिजलेला. बोलता येईना, म्हणून हात पुढे केले. दोराने तळवे सोलून निघाले होते, दोन्ही. इतका वेळ धरून ठेवला होता त्याने. मी तळव्यांना तेल लावलं आणि म्हटलं, हे मला कळलं, आता दुसऱ्या कोणाला सांगायची गरज नाही." तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं. "तू मात्र रोज बसवून त्याच्या तोंडून काढत होतास. रोज."

इतके कान लावून जगलो, आणि ऐकलं काय?

"आता तो परवाना घेऊन बसणार नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून समुद्रावर जाणारच. एकटा जाईल, किंवा कोणातरी नवशिक्याला घेऊन. आणि पुन्हा तीच वेळ आली तर दोर कोण धरणार?"

मी आरशाच्या चौकटीतली तिकिटं मोजली.

१५ नोव्हेंबर

हंगाम उघडला. पहाटे 'रोझारिया' निघाली, तिघं. जेर्वाझियो सुकाणूवर, कोनोचा पुतण्या सापळ्यांवर आणि मी. कोनोनेच पुतण्या दिला, म्हणाला, "मोल्फेत्तावाले बुडतात हे बघायला आमचा एक माणूस हवाच." त्याला शब्दाचं भय नाही. बरं वाटलं ऐकून.

दीपगृहापर्यंत पोटातलं सगळं बाहेर पडलं, त्यानंतर नुसत्याच कोरड्या उबळी. जेर्वाझियो हुकूम इंग्रजीत देतो, सगळेच, आपल्या बोलीत एक अक्षर नाही. कोनोच्या पुतण्याला गंमत वाटली. मी त्याला गप्प केलं.

खडकांपाशी आल्यावर जेर्वाझियोने वेग कमी केला. मला म्हणाला, "होल्ड." म्हणजे धर.

मी कठड्याशी बसून दोराला दोन्ही हातांनी विळखा घातला. सापळे वर येईपर्यंत, खडक मागे पडेपर्यंत आणि त्यानंतरही, धक्क्याला लागून पुतण्याने बोटं एकेक करून सोडवेपर्यंत.